छत्तीस गुणांचं काडतूस

माझ्या एका मतासाठी दोन जर्मन गृहस्थांनी एकाच आठवड्यात मला सात किलो बटाटे, दोन केक आणि गाडीचे चार हिवाळी टायर आणून दिले. माझ्याकडे गाडी नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई पुढे येणार आहे.

२००७ सालची गोष्ट. वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात मी इंजिनिअर होतो आणि डिकीच्या दाराच्या कडेने जी रबरी पट्टी असते, तिच्यावर काम करत होतो. दारावर नाही. दारावर माझा साहेब होता. पट्टीच्याही फक्त खालच्या अर्ध्या भागावर मी होतो. वरचा अर्धा भाग एका स्पॅनिश मुलीकडे होता आणि तिचं काम जास्त महत्त्वाचं समजलं जाई, कारण पाऊस वरून येतो. एकूण, माझ्या मताला जगात कितपत किंमत होती हे यावरून लक्षात यावं.

राहायला मी शहराबाहेर, क्लाइनबुटेल नावाच्या गावात होतो. तळमजल्यावर घरमालक हेर, म्हणजे श्रीयुत, ब्र्युगमान, मधल्या मजल्यावर श्रीधरदादा आणि मनोरमावहिनी, ज्यांच्याकडे मी आल्या आल्या उतरलो होतो, आणि माळ्यावर मी. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी हेर ब्र्युगमान दोन जिने चढून वर आले, धाप ओसरेपर्यंत दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हेर दामले, तुम्ही आमच्या शुटझेनफेराइनमध्ये का येत नाही? तुमची नजर मोठी स्थिर आहे."

शुटझेनफेराइन म्हणजे गावचा नेमबाजी क्लब. आपल्याकडे गणेश मंडळ, तालीम आणि पारावरचा कट्टा या तीन वेगळ्या गोष्टी असतात. तिथे त्या एकाच खोलीत असतात आणि मागच्या बाजूला बंदूक चालवायची सोय असते.

नजर स्थिर होती हे खरं. त्यांचं जर्मन कळत नसलं की मी असाच बघतो. पण माझी स्तुती करायला दोन जिने चढून येणारा तो पहिलाच माणूस, त्यामुळे मी जागच्या जागी होकार दिला आणि ही बातमी सांगायला खाली गेलो.

"भाऊजी," मनोरमावहिनी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "दीड वर्षात या माणसाने जिन्यात तुम्हाला 'गुटेन मोर्गन'च्या पुढे शब्द दिलेला नाही. आज एकदम क्लब? काहीतरी काम असणार त्याचं तुमच्याकडे."

"वहिनी, माझ्या नजरेत स्थैर्य आहे म्हणाले ते."

"तुमच्या? परवा मीठ म्हणून साखर घेऊन गेलात आमच्याकडून."

"जाऊ दे ग त्याला," श्रीधरदादा लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाले, "बिअर तरी मिळेल."

त्यांची सहा वर्षांची अन्वी मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वडिलांना विचारलं, "डार्फ एर दास?" म्हणजे, याला हे करायची परवानगी आहे का? जर्मनीत वाढलेल्या मुलांना पहिली शंका हीच येते.

परवानगीसाठी चार पानी फॉर्म होता. शिवाय वर्तणुकीचा दाखला, जो मिळवण्यासाठी राहत्या पत्त्याचा दाखला, जो माझ्याकडे होता पण त्यावर मी अजून मधल्या मजल्यावर राहत होतो. कागदोपत्री वर चढायला मला तीन आठवडे लागले. फॉर्मवर 'नेमबाजीचा पूर्वानुभव' असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं : जत्रेतले फुगे. क्लबच्या सेक्रेटरी फ्राउ ल्युडर्स, सदुसष्ट वर्षांच्या, काटकुळ्या, निवृत्त पोस्टवुमन. त्यांनी चष्मा वर केला.

"दहापैकी किती?"

"चार."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

मार्चमध्ये वार्षिक सभा होती. तिथे पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं की वहिनींचं बरोबर होतं.

झालं होतं असं. आमच्या शेजारी ग्रोसबुटेल नावाचं गाव आहे. दोन्ही गावांच्या मध्ये तीनशे मीटरची एक रेंज आहे आणि ती सामाईक आहे. दर सप्टेंबरला दोन्ही क्लबांचा एकेक नेमबाज तिथे दहा गोळ्या झाडतो. जो जिंकेल त्याच्या क्लबला वर्षभर रविवारी सकाळी नऊ ते बारा रेंज मिळते. हरेल त्याला मंगळवारी सकाळी सात ते आठ. क्लाइनबुटेल सलग पाच वर्षं हरलं होतं आणि मंगळवारी सातला, निम्मं वर्ष अंधारात, स्वतःला दिसत नसलेल्या निशाणांवर गोळ्या झाडत होतं. त्यात या वर्षी बंदुका तपासणाऱ्या कारागिराने क्लबची जुनी रायफल हातात घेतली, नळीतून आभाळ पाहिलं आणि सांगितलं की ही आता नळी नाही, नुसतं भोक आहे. नवी रायफल घ्यायलाच हवी होती. सप्टेंबरला जो क्लब सामन्यालाच आला नाही, त्याचा रेंजवरचा हक्क कायमचा जाणार, मंगळवारसकट. तसं करारात लिहिलेलं होतं, आणि सामना क्लबच्याच रायफलने खेळायचा हेही.

मग घ्यायची की नवी रायफल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. सभेतल्या सगळ्यांनी आपापल्या ग्लासात पाहिलं.

रायफल घ्यायची म्हणजे आधी काडतूस ठरवावं लागतं. कारण नळी काडतुसाच्या मापाने बनते, आणि एकदा बनली की जन्मभर तेच काडतूस. क्लबचे सभासद बावीस. त्यातले अकरा हेर ब्र्युगमान यांच्या पक्षाचे. त्यांचा देव साडेसहा पंचावन्न : जुनं स्वीडिश काडतूस, शंभर वर्षांवरचं, गोळी लांबसडक आणि वाऱ्याला न जुमानणारी. उरलेले अकरा हेर ओल्डेनकॉट या गावच्या बेकरीवाल्यांच्या पक्षाचे. त्यांचा देव तीनशे आठ : जगात कुठेही मिळतं, नळी वर्षानुवर्षं टिकते, फौजा वापरतात. सहा वर्षं दर मार्चला मतदान व्हायचं. सहा वर्षं निकाल अकरा विरुद्ध अकरा. हेर ब्र्युगमान यांचे अकरा जण एव्हाना पाव आणायला ग्रोसबुटेलला जात होते, म्हणजे वैर किती टोकाला गेलं होतं ते पाहा.

आणि मी तेविसावा.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. त्रिशंकू विधानसभा आणि त्यात मी एकमेव अपक्ष आमदार. फरक इतकाच की मला कोणी गोव्याच्या रिसॉर्टवर नेलं नाही. बटाटे आणले. हेर ब्र्युगमान यांच्या बागेतले सात किलो, धुऊन, पुसून. दुसऱ्या दिवशी हेर ओल्डेनकॉट सफरचंदाचा केक घेऊन आले. तो मी जिन्यात स्वीकारला हे तळमजल्यावर दिसलं आणि माझ्या माळ्यावरचं हीटिंग दोन दिवस कोमट झालं. मग टायर आले आणि हीटिंग परत आलं. मग चेरीचा केक आला. मी स्वेटर घालून तो खाल्ला.

"ठरवून टाका एकदाचं," वहिनी म्हणाल्या. "बटाट्यांना मोड यायला लागलेत."

पण मला खरंच ठरवता येईना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मतावर काहीतरी अवलंबून होतं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे मत नव्हतं. म्हणून एप्रिलमध्ये मतदानासाठी बोलावलेल्या खास सभेत मी उभा राहिलो आणि जर्मनीत कधीही वाया न जाणारं वाक्य म्हणालो : "याचा सविस्तर अभ्यास करावा लागेल." टाळ्या पडल्या. फ्राउ ल्युडर्सनी इतिवृत्तात नोंद केली की हेर दामले यांना 'काडतूस-प्रतिनिधी' नेमण्यात येत असून त्यांनी ३१ मेपर्यंत अहवाल द्यावा. या पदाचं जर्मन नाव एकच शब्द आहे आणि तो माझ्या व्हिजिटिंग कार्डावर मावला नसता.

अभ्यासाची सुरुवात मी प्रात्यक्षिकाने केली. हेर ओल्डेनकॉट यांनी स्वतःची तीनशे आठ माझ्या हाती दिली. झोपून नेम धरायचा असतो, पोटावर, शाळेत शिक्षा म्हणून झोपवल्यासारखं. रायफलवर दुर्बीण होती. "डोळा दूर ठेवा," ते म्हणाले. मी ठेवला. पण निशाण तीनशे मीटरवर, मला ते नीट बघायचं होतं, आणि एखादी गोष्ट नीट बघायची तर माणूस पुढे सरकतो. मी सरकलो. चाप ओढला. पुढे काय झालं ते मला रायफलने सांगितलं. दुर्बिणीची कड भुवईच्या वर अशी बसली की अर्धचंद्राकृती खोक पडली. तीन टाके.

दवाखान्यात विम्याचा फॉर्म होता : 'दुखापत कोणत्या वस्तूमुळे झाली?' पर्यायांत शिडी, कुत्रा, सायकल, बर्फ. मी 'इतर'वर खूण करून 'रायफल' लिहिलं. लगेच एक वेगळा डॉक्टर येऊन माझ्याशी फार हळुवार आवाजात बोलायला लागला. घरी सगळं ठीक आहे ना, विचारलं. सोमवारी ऑफिसात स्पॅनिश मुलीने कपाळाकडे पाहून हा तुमचा सण आहे का असं विचारलं. मी हो म्हणालो. सोपं पडलं.

गोळी कुठे लागली हे शेवटपर्यंत सापडलं नाही.

मग मी कागदी अभ्यासाकडे वळलो. गोळीचं वजन, वेग, वाऱ्याने किती सरकते, नळी किती टिकते, सगळं गोळा केलं. पट्टीवर काम करताना मी जसा तक्ता बनवतो तसा एक्सेलमध्ये तक्ता बनवला, प्रत्येक रकान्याला वजन दिलं आणि बेरीज मारली. दोन्ही काडतुसांना सारखेच गुण. वजनं बदलली. पुन्हा सारखेच. क्लबच्या हवेतच काहीतरी असावं.

२६ मे उजाडला. शनिवार होता. मी कपाळावरचा व्रण खाजवत नाशिकला चारुलताआत्याला फोन लावला. आत्या तीस वर्षं वधूवर सूचक मंडळ चालवते. 'निवडायचं कसं' या विषयात आमच्या घराण्यात तिच्याइतका अधिकार कोणाचा नाही.

"आत्या, माझ्याकडे दोन काडतुसं आलीयेत. म्हणजे, निवडायला."

"बोल," आत्या म्हणाली. तिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. तो धंद्याचा गुण आहे.

मी अकरा मिनिटं बोललो. एकाचा वेग, दुसऱ्याचा टिकाऊपणा, एक वाऱ्यात बरं, एक सगळीकडे मिळणारं, दोघांची बेरीज सारखी, पाच दिवसांत अहवाल द्यायचाय, नाही दिला तर गावाची रेंज जाणार आणि गाव मला विचारणार.

"झालं तुझं? आता मला सांग, हे सगळं एकाच बाजूचं नाही का झालं? मुलगी उंच आहे, मुलगी शिकलेली आहे, मुलगी शांत आहे. पण मुलगा कोण?"

"कसला मुलगा?"

"अरे गाढवा, हे काडतूस उडवणार कोण? सहा वर्षं तुमचे बावीस जण नुसती मुलींची वर्णनं वाचत बसलेत आणि नवरदेवाचा पत्ता नाही! एकट्या मुलीची पत्रिका जुळते का कधी? पत्रिका दोन लागतात."

मी तक्ता पुन्हा उघडला. मी इंजिनिअर आहे, माझ्या तक्त्यात एकोणीस रकाने होते, आणि त्यात माणूस नव्हता.

"आणि मंगळ बघ आधी," आत्या पुढे म्हणाली.

"काडतुसाला मंगळ?"

"धक्का मारतं ना ते? कपाळ फुटलं म्हणालास ना आत्ता? तो मंगळच. कडक मंगळाची मुलगी वाईट नसते रे, पण समोरचाही तसाच भक्कम लागतो. उगाच मऊ मुलाच्या गळ्यात बांधू नकोस. आणि तुझं स्वतःचं काय ठरवलंयस? सिन्नरचं एक स्थळ..."

इथे फोनकार्ड संपलं. काही काही फोनकार्डं माणसापेक्षा समजूतदार असतात.

मी तडक हेर ब्र्युगमान यांचं दार वाजवलं आणि विचारलं की सप्टेंबरला गोळ्या झाडणार कोण. ते म्हणाले, नेहमीप्रमाणे, एका वर्षी मी, एका वर्षी ओल्डेनकॉट, आळीपाळीने. हे कुठे लिहिलंय, असं विचारल्यावर त्यांचा चेहरा पडला. कुठेच लिहिलेलं नव्हतं. फ्राउ ल्युडर्सनी क्लबची घटना काढली. कलम चौदा : 'सामन्यासाठी क्लबचा सर्वोत्तम नेमबाज पाठवावा.' १९५४ सालापासून ते कलम कोणी वाचलं नव्हतं, कारण सर्वोत्तम आपणच हे प्रत्येकाला माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी चाचणी झाली. क्लबच्या मागच्या पन्नास मीटरवर, छोट्या रायफलने, प्रत्येकी दहा गोळ्या, शंभरपैकी गुण. हेर ब्र्युगमान एकोणनव्वद. हेर ओल्डेनकॉट एकोणनव्वद. यात कोणालाच नवल वाटलं नाही. मी एक्केचाळीस, म्हणजे फुग्यांच्या काळापासून फारशी घसरण नाही. शेवटी सगळ्यांचे गुण लिहून झाल्यावर फ्राउ ल्युडर्स पेन ठेवून उठल्या, चष्मा पुसला, झोपल्या, आणि अठ्ठ्याण्णव काढून परत येऊन स्वतःचे गुण स्वतः लिहिले.

"आल्झो, असं आहे तर," हेर ओल्डेनकॉट तो आकडा दोनदा वाचून म्हणाले, "हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"मला कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "मी इतिवृत्त लिहीत होते."

त्या ब्र्युगमान पक्षात होत्या, पण ते केवळ सहा वर्षांपूर्वी पहिल्या मतदानाच्या दिवशी टेबलाच्या त्या बाजूला खुर्ची रिकामी होती म्हणून.

नवरदेव सापडला होता. आता मंगळ. फ्राउ ल्युडर्स सायकलवरून टपाल वाटताना एकदा पडल्या होत्या आणि त्यांच्या उजव्या खांद्याच्या हाडात अजून धातूची पट्टी होती. मी वेगवेगळ्या रायफली उसन्या मागितल्या आणि मंगळवारी सातला आम्ही रेंजवर गेलो; मे असल्याने उजेड होता. माझ्या अभ्यासाचं साधन एकच होतं : मी त्यांच्या शेजारी कुशीवर पडून त्यांची पापणी बघत होतो. माणसाला धक्क्याची भीती बसली की चाप ओढण्याच्या आधीच डोळा मिटतो, आणि मिटल्या डोळ्याने नेम लागत नाही. तीनशे आठला पापणी तिसऱ्या गोळीला मिटली. साडेसहाला सातव्या. सामन्यात गोळ्या दहा.

दोन्ही स्थळं गेली. अहवालाला दोन दिवस उरले होते आणि माझ्या हातात बावीसच्या बावीस जणांना नाराज करणारा निष्कर्ष होता.

रायफली उसन्या देणारा कारागीर खोके आवरत होता. तो म्हणाला, एक तिसरं आहे, पण ते तुमच्या क्लबात कोणी विचारत नाही. सहा मिलिमीटरचं, आखूड, बुटकं काडतूस, बीआर नावाचं. हातात घेतलं तर बाकीच्या दोघांचं धाकटं भावंड वाटावं. फ्राउ ल्युडर्सनी पंधरा गोळ्या झाडल्या. पापणी हलली नाही. सोळावीला त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हेर दामले, तुम्ही अजून किती वेळ माझ्या तोंडाकडे बघणार आहात?"

त्या संध्याकाळी मी जुना तक्ता पुसला आणि आत्याच्या पद्धतीने नवा केला. आठ कूटं, एकूण छत्तीस गुण, अठराच्या खाली स्थळ नाकारायचं. गण म्हणजे काडतुसाचा स्वभाव, सहा गुण. ग्रहमैत्री म्हणजे गोळीचं नळीशी पटतं का, पाच. नाडीला आठ गुण, ते नळीच्या आयुष्याला दिले. भकूट म्हणजे काय हे मला लग्नाच्या बाबतीतही कधी कळलेलं नाही, तिथे माल वेळेवर मिळतो का ते टाकलं. सगळे रकाने फ्राउ ल्युडर्सच्या खांद्याशी, श्वासाशी आणि स्वभावाशी ताडून भरले. तीनशे आठ : सतरा. साडेसहा : बावीस, पण मंगळ आडवा. बुटकं सहा : एकतीस.

३१ मेची सभा. मी तक्ता भिंतीवर लावला. सगळे उठून जवळ आले आणि रकाने वाचायला लागले. मग एका सभासदाने हात वर केला.

"छत्तीसच का?"

"जुनं भारतीय मानक आहे."

"किती जुनं?"

"नक्की माहीत नाही. काही शतकं."

खोलीत कुजबूज झाली. "आणि अजून मागे घेतलेलं नाही?"

"नाही. रोज वापरात आहे."

"अपयशाचं प्रमाण?"

"फारच कमी नोंदवलं जातं," मी म्हणालो. यात काही खोटं नव्हतं. नोंदवलंच जात नाही.

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', मागून कोणीतरी आदराने म्हणालं.

मग मी निकाल वाचला. हेर ओल्डेनकॉट यांचा चेहरा आधी पडला. त्यांचं काडतूस नाकारलं गेलं होतं. मग त्यांनी शेजारच्या ओळीत ब्र्युगमान यांचंही नाकारलेलं पाहिलं आणि चेहऱ्यावर ऊन पडलं. तेच हेर ब्र्युगमान यांचं झालं, उलट क्रमाने. सहा वर्षं दोघांना जे हवं होतं ते हे, की दुसऱ्याचं येऊ नये, आणि ते एकाच झटक्यात दोघांनाही मिळत होतं. आघाडीची सरकारं कशी बनतात हे मी वर्तमानपत्रांत वाचलं होतं. बनताना पहिल्यांदा पाहिलं. मतदान झालं : तेवीस विरुद्ध शून्य. फ्राउ ल्युडर्सनी आकडा लिहिला, मग खात्री करायला हात पुन्हा मोजले.

नवी रायफल घ्यायची तर वरच्या संघटनेकडून 'गरज' सिद्ध करून घ्यावी लागते. जर्मनीत गरज असून चालत नाही, ती सिद्ध असावी लागते. मी तक्ता जोडून अर्ज पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मी ते वहिनींच्या स्वयंपाकघरात, खुर्चीला धरून उघडलं. लिहिलं होतं की एवढी आकडेबद्ध गरज कचेरीच्या पाहण्यात याआधी आलेली नाही, अर्ज मंजूर आहे, मात्र 'नाडी' या निकषाची व्याख्या सोबत जोडली नसल्याने ती चौदा दिवसांत पाठवावी. मी पाठवली. दीड पान झालं. तीही मंजूर झाली.

"म्हणजे जर्मन सरकारने पत्रिका मान्य केली?" श्रीधरदादांनी पहिल्यांदाच लॅपटॉप मिटला.

"माझ्या लग्नाच्या वेळी तुमच्या आईने केली नव्हती," वहिनी म्हणाल्या. दादांनी लॅपटॉप पुन्हा उघडला.

सप्टेंबरचा सामना. ग्रोसबुटेलचे हेर रादेमाखर, पाच वर्षांचे विजेते, एक प्रचंड मॅग्नम काडतुसाची रायफल घेऊन आले होते. माझ्या हिशेबाने शुद्ध राक्षसगण. ते आमच्या बुटक्या काडतुसाकडे पाहून म्हणाले, "हे डोळ्यात घालायचे थेंब आहेत का?" त्यांच्या पंचवीस माणसांना हसू आलं. आमच्या बावीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं. हरलो तर कोणाला विचारायचं हे इतिवृत्तात होतं.

हेर रादेमाखर यांनी आधी झाडल्या. त्र्याण्णव. त्यांच्या प्रत्येक गोळीला माझ्या कपाळावरचा व्रण दुखला.

मग फ्राउ ल्युडर्स. दहा गोळ्यांना पंधरा मिनिटांची मुदत. पहिल्या आठ गोळ्यांत शहात्तर, पापणी जागेवर. आणि तेवढ्यात वारा सुटला. निशाणाजवळची झेंडी आडवी झाली. सहा मिलिमीटरची हलकी गोळी, आडवा वारा. माझ्या मागे हेर ब्र्युगमान कुजबुजले, "साडेसहा असती तर..." आणि हेर ओल्डेनकॉट म्हणाले, "तीनशे आठ असती तर..." मी मनातल्या मनात कपडे बॅगेत भरायला घेतले.

फ्राउ ल्युडर्सनी झाडलीच नाही. त्या नुसत्या पडून राहिल्या. एक मिनिट. तीन मिनिटं. पाच. पंच घड्याळ बघायला लागला. हेर ब्र्युगमान आणि हेर ओल्डेनकॉट यांनी एकमेकांची बाही धरली होती आणि हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. शेवटचं दीड मिनिट उरलं आणि झेंडी दमल्यासारखी खाली आली. ठाक. दहा. पुन्हा ठाक. दहा.

शहाण्णव.

त्यानंतर काय झालं ते नीट आठवत नाही, कारण मला उचललं होतं आणि उचलणाऱ्यांचं आपसात ठरलेलं नव्हतं. अकरा जण एका बाजूला नेत होते, अकरा दुसऱ्या. खाली उतरल्यावर मी फ्राउ ल्युडर्सना विचारलं की वारा पडेल हे त्यांना कसं कळलं.

"या शेतांतला वारा मी एकतीस वर्षं सायकलवर तोंडावर घेतलाय," त्या म्हणाल्या. "सव्वाअकराच्या सुमाराला तो दम खातो. मीही तिथेच थांबून सँडविच खायचे."

हेर रादेमाखर यांनी रेंजची रविवारची किल्ली दिली, ती फ्राउ ल्युडर्सनी खिशात टाकली आणि त्या निकालाचा कागद लिहायला बसल्या.

पहिल्या रविवारी नऊ वाजता सगळा क्लब इस्त्रीचे कपडे घालून हजर होता. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांना रविवारच्या उजेडात निशाण दिसणार होतं. पहिला नंबर अर्थातच फ्राउ ल्युडर्सचा. मग वयाप्रमाणे. माझा पावणेबाराला लागला, शेजारच्या जागेवर हेर ब्र्युगमान होते. मी झोपलो. डोळा दूर ठेवला. बुटक्या काडतुसाने खांद्यावर हलकेच थोपटलं, बस, आणि दहाच्या दहा गोळ्या मी डोळे उघडे ठेवून झाडल्या.

निशाणं जवळ आली. माझ्या कागदावर नऊ भोकं होती. सगळी कागदावर, हे मी मुद्दाम सांगतो. हेर ब्र्युगमान यांच्या कागदावर अकरा होती आणि त्यातलं एक अगदी मधोमध, दहाच्या वर्तुळात, जिथे त्या दिवशी त्यांची दुसरी एकही गोळी गेली नव्हती.

"हेर ब्र्युगमान," मी म्हणालो, "ती मधली माझी आहे."

त्यांनी कागद नीट पाहिला. मग तो घडी घालून आतल्या खिशात ठेवला.

"सिद्ध करा," ते म्हणाले.